सही करण्याआधी : अपघाताची भरपाई आणि आपला हक्क

नगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. नाव बदलले तरी रस्ते तेच आहेत. दिवाळी सरली, कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की नगर-मनमाड, नगर-कल्याण, नगर-पुणे या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, लाल पट्टी नसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन याच वाहनांतून कारखान्यावर जातात आणि याच वाहनांतून परत येतात.

२४ जानेवारी २०२४ च्या पहाटे पारनेर तालुक्यात, नगर-कल्याण रस्त्यावर ढवळपुरी फाट्याजवळ उसाचा ट्रॅक्टर, मोटार आणि एस. टी. बस यांच्या अपघातात सहा माणसे गेली. अशी बातमी दोन दिवस छापून येते. त्यानंतर त्या घरांत काय होते, कोण कुणाच्या दारात जाते, कुठल्या कागदावर अंगठा उमटतो, याची बातमी कधीच येत नाही. आजच्या कुटुंब पानावर त्या न छापलेल्या भागाविषयी लिहायचे आहे.

आपल्या वस्तीतला माणूस जखमी झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बैठक भरते. गाडीमालकाचा माणूस असतो, गावातला एखादा पुढारी असतो, कधी मुकादम असतो, आणि वाईट याचे वाटते की कधी आपल्यातलाच एखादा मध्यस्थ असतो. बोलणे गोड असते. “झालं ते झालं. दवाखान्याचं बिल आम्ही भरतो, वर पन्नास हजार देतो. केस करून काय मिळणार? दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल.” घरातल्या बाईपुढे उद्याच्या पिठाचा प्रश्न उभा असतो. मुकादमाची उचल अंगावर असते. मग स्टँप येतो. त्यावर ‘अपघातात कुणाचीही चूक नाही, आमची काही तक्रार नाही’ असे लिहिलेले असते, आणि सही होते.

अशा कागदाने कायद्यातला हक्क आपोआप संपतो असे नाही. पण त्या कागदाच्या जोरावर पोलिसांत गुन्हा नोंदवला जात नाही, पंचनामा होत नाही, गाडीचा नंबर कुठे उतरत नाही. सहा महिन्यांनी डोळे उघडतात तेव्हा हातात पुरावाच उरलेला नसतो. खरा तोटा इथे होतो.

आता पन्नास हजार म्हणजे किती, ते हिशोबाने पाहू. समजा, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा ३४ वर्षांचा माणूस आहे. महिन्याला १२ हजार कमावतो. गाडीने उडवले आणि पाय कायमचा अधू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. ते झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. वयाप्रमाणे एक गुणक असतो. २००९ च्या निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. गुणाकार ३२,२५,६०० होतो. कमाईची ताकद ४० टक्के गेली असे न्यायाधिकरणाने धरले तर भरपाई १२,९०,२४० रुपये. ६० टक्के गेली असे धरले तर १९,३५,३६०. औषधपाणी, वेदना, पुढचे ऑपरेशन, दवाखान्यात बसून राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी हे सगळे वेगळे. शिवाय अर्ज केल्या तारखेपासून व्याज. ही काही जादूची रक्कम नव्हे. बचाव पक्ष कमाई कमी दाखवील, चूक जखमीचीच होती म्हणेल, आकडा खाली येईल. तरीही तो पन्नास हजारांवर येत नाही.

वरच्या हिशोबात ४० आणि ६० यांत साडेसहा लाखांचा फरक पडला. हा फरक कशाने पडतो हे प्रत्येक कष्टकरी घराने नीट समजून घ्यावे. सिव्हिल हॉस्पिटलचे डॉक्टर प्रमाणपत्रात शरीराचा अधूपणा लिहितात. न्यायाधिकरणाने मात्र बघायचे असते ते हे, की या अधूपणामुळे या माणसाचे हे काम किती गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे तत्त्व सविस्तर मांडले. खुर्चीत बसून लिहिणाऱ्याचा पाय गेला आणि पाट्या वाहणाऱ्याचा पाय गेला, तर शरीराचे नुकसान सारखेच, पोटाचे सारखे नाही. कर्नाटकातल्या एका तरुण भाजीविक्रेत्याचा पाय अपघातात कापावा लागला. भाजी काय, बसूनही विकता येते, असा युक्तिवाद अशा वेळी होतोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यावर सांगितले, की भाजीचा धंदा म्हणजे एका जागी बसणे नव्हे. घाऊक बाजारातून किंवा शेतातून माल आणावा लागतो. त्याची कामाची ताकद ८५ टक्के गेली असे न्यायालयाने धरले. आपल्या मार्केट यार्डातल्या पाटीवाल्या बायांना हे सांगायला न्यायालयाची गरज नव्हती, पण न्यायालयाने ते लिहिले हे बरे झाले.

म्हणून जबानी देताना ‘मजुरी करतो’ एवढ्यावर थांबू नये. ऊस तोडून मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतो, विहिरीवर क्रेन ओढतो, वीटभट्टीवर दिवसाला इतक्या विटा थापतो, असे कामाचे वर्णन यायला हवे. अधूपणाच्या प्रमाणपत्राचा नुसता कागद पुष्कळदा पुरत नाही. ज्या डॉक्टरने उपचार केले किंवा तपासले, त्यांची साक्ष झाली तर वजन पडते. वकिलांना हे आधीच विचारून ठेवावे.

दुसरी अडचण कमाईच्या पुराव्याची. आपल्या माणसाकडे पगारपत्रक नाही. विमा कंपनीचा वकील विचारतो, कमाईला पुरावा काय? आणि पुष्कळ जण तिथेच मान खाली घालतात. मान खाली घालण्याचे कारण नाही. २०११ सालच्याच दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की हमालाकडून कमाईच्या कागदाची अपेक्षा धरता येत नाही; त्याने सांगितलेली कमाई वाजवी असेल तर ती मान्य करावी. तरीही जे मिळेल ते जमवावे. मुकादमाच्या वहीतली नोंद, टोळीचा करारनामा, रोजगार हमीचे जॉबकार्ड, बँकेच्या पासबुकातल्या जमा, बचत गटाचे हप्ते, सोबत काम करणाऱ्या दोघांची साक्ष, यांतले काहीच वाया जात नाही. काहीच नसेल तर निदान त्या कामासाठी सरकारने ठरवलेले किमान वेतन तरी धरा, असा आग्रह धरता येतो.

घरातली बाई जखमी झाली किंवा गेली तर? ‘ती काय कमावत होती’ हा प्रश्न बाहेरचे तर विचारतातच, घरातलेही विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली, पुढे २०१० साली आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये गृहिणीच्या कामाला पैशाचे मोल आहे हे स्पष्ट केले. स्वयंपाक, पाणी, शेण-सारवण, म्हाताऱ्यांची सेवा, लेकरांचा अभ्यास या सगळ्याची किंमत हिशोबात धरायची असते. आपल्या घरांतली बाई तर हे करून वर रोजंदारीलाही जाते. दोन्ही सांगावे.

याच ओघात एक कौटुंबिक गोष्ट. कर्ता मुलगा गेला की भरपाईवरून सासू-सून यांच्यात फूट पडते आणि मध्यस्थांचे फावते. कायद्याने विधवा पत्नी, मुले, आई यांचा हक्क असतो. वाटा न्यायाधिकरण ठरवते. तरुण सुनेने पुन्हा लग्न केले म्हणून तिचा दावा बुडत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. ‘ती गेली आता दुसऱ्या घरी’ असे म्हणणाऱ्यांना हे सांगावे. पण ती पत्नी होती हे दाखवावे लागते. आपल्याकडे विवाह बौद्ध पद्धतीने लागतो, बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होते, फोटो निघतात, आणि नोंदणी मात्र राहून जाते. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे विवाहाची नोंद करायला अर्धा दिवस लागतो. तसेच नावांचे. शाळेत एक आडनाव, आधारवर दुसरे, रेशनकार्डावर घरचे लाडके नाव. माणूस जिवंत आणि धडधाकट असताना हे दुरुस्त करणे सोपे असते.

प्रत्यक्ष काय करायचे? माणूस आधी वाचला पाहिजे. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची एक योजना लागू आहे. तिच्याप्रमाणे रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. योजनेचे नाव घेऊन विचारावे, न विचारता सांगणारे कमी. दवाखान्यात दाखल करताना ‘पडला’ असे सांगू नये. कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता, हे केसपेपरवर यायला हवे. पहिल्या कागदावर ‘घरात पडून’ असे लिहिले गेले तर तो एक शब्द शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. फिर्याद लगेच द्यावी. तिची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, जखमांचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, नावानिशी बिले, एक्स-रे, गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती एका पिशवीत ठेवाव्यात. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि त्याच अहवालावरून दावा उभा राहू शकतो. ठाण्यात जाऊन ‘आमचा अहवाल गेला का?’ असे आदबीने पण पुनःपुन्हा विचारावे.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. हे न्यायाधिकरण म्हणजे आपले जिल्हा न्यायालयच. नगरला तर आहेच, पण श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव येथेही अतिरिक्त जिल्हा न्यायालये आहेत. अपघात जिथे झाला तिथेच अर्ज केला पाहिजे असे नाही. आपण राहतो त्या भागातही करता येतो. अपघात सोलापूरकडे झाला आणि घर पाथर्डीला असेल तर सोलापूरला खेटे घालण्याचे कारण नाही. मुदतीचे मात्र ध्यानात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याचे बंधन कायद्यात आले. हे बंधन घटनेला धरून आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि केवळ मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तेव्हा उशीर झालेल्यांनी आशा सोडू नये. पण ज्यांचे सहा महिने अजून व्हायचे आहेत त्यांनी या आदेशाच्या भरवशावर निवांत बसू नये.

चूक कुणाची हे सिद्ध करणे अवघड असेल तर दुसरी वाट आहे. कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक न दाखवता मागता येतात. पण ही वाट धरली की पूर्ण भरपाईची वाट बंद होते. म्हणून घाईने निवडू नये.

ढवळपुरी फाट्यासारख्या अपघातात दोन-तीन वाहने गुंतलेली असतात. कुणावर दावा करायचा? चूक एकापेक्षा जास्त चालकांची असेल तर जखमीला त्यांतल्या कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते. आपसातली वाटणी त्यांनी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे. शक्यतो सगळ्यांनाच सामील करावे. एस. टी. असेल तर दावा महामंडळावर होतो. महाराष्ट्राची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे ते नगर, हे आपल्या जिल्ह्याला अभिमानाने आठवते. त्याच एस. टी.त २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया अपघात निधीसाठी घेतला जाऊ लागला, आणि प्रवाशाच्या मृत्यूला दहा लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. म्हणून एस. टी.चे तिकीट उतरेपर्यंत चुरगळून फेकू नये.

आता एक नाजूक विषय. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. आपण कसे जातो? टेम्पोत, पिकअपमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तीस-चाळीस जण उभे राहून, निळे झेंडे लावून, घोषणा देत. उत्साह समजतो. पण ही वाहने मालाची. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल आहे. विमा कंपनी हात झटकते, मग उरतो मालक. त्याच्याकडे एक कर्जातला टेम्पो असतो आणि बहुधा तोही आपलाच भाऊबंद असतो. बाबासाहेबांना अभिवादन करायला निघालेल्या घरावर अशी वेळ येऊ नये. मंडळांनी वर्गणीतून प्रवासी गाडी किंवा एस. टी. ठरवावी. डीजेचा एक दिवस कमी केला तर तेवढे पैसे निघतात, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

काम करताना अपघात झाला तर वाट वेगळी. यंत्रात हात जाणे, विहिरीत पडणे, उसाची मोळी घेऊन फळीवरून कोसळणे अशा प्रसंगी मालकाने भरपाई द्यावी हा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशोबाची मूळ रीत तीच राहिली. कामगार मरण पावला तर महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्के, कायमचा पूर्ण अधू झाला तर ६० टक्के, गुणिले वयाचा आकडा. अर्धवट अधूपणाला तक्ता आहे : पूर्ण अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरतात. १२ हजार वेतनाच्या तिशीतल्या कामगाराला ते साधारण साडेचार लाख होतात. इथे मालकाची चूक दाखवावी लागत नाही. आणि ‘हा मुकादमाचा माणूस, आमचा नाही’ असे म्हणून मुख्य मालकाला सुटताही येत नाही. ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यावरही असते. कामावर असताना गाडीखाली सापडला, तर मोटार कायदा की कामगार कायदा यांपैकी एकच निवडावा लागतो. मालकाकडून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर मात्र तिथलेच लाभ मिळतात.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे. २०२३ च्या स्वरूपात मृत्यूला दोन लाख, आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अर्ज. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावे गुंठाही नाही, तो दुसऱ्याच्या रानात विजेच्या धक्क्याने गेला तर या योजनेत बसत नाही. आपल्यातले किती जण असे आहेत हे वेगळे सांगायला नको. अशांनी निदान बँकेतला वर्षाला २० रुपयांचा दोन लाखांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि बांधकाम मजूर असल्यास मंडळाची नोंदणी करून ठेवावी. स्वतःच्या विम्याचे पैसे मिळाले म्हणून मोटार अपघाताची भरपाई कमी होत नाही.

डिसेंबर १९३९ मध्ये याच जिल्ह्यातल्या हरेगावला वतनदारांच्या परिषदेत बाबासाहेब आले होते. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचे ते गाव. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. गावकीच्या तुकड्यावर राबणाऱ्या माणसाच्या कष्टाला कायद्याने हिशोब असावा, हा आग्रह तेव्हापासूनचा. दवाखान्याच्या व्हरांड्यातली ती बैठक त्या हिशोबाच्या उलट दिशेने जाते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही खरी भीती. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणत्याही जातीची स्त्री, मूल, अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बौद्ध असल्याने आपण यात येत नाही, असे काही जणांना वाटते. तसे नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला आहे. जातीचा दाखला लावून जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातल्या समितीकडे साधा अर्ज करावा. आणि ‘पैसे नकोत, मिळाल्यावर निम्मे द्या’ म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. निकालाच्या रकमेत वाटा ठरवणे वकिलांच्या नियमांत मना आहे. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या बँक स्लिपवर सही देऊ नये. खाते जखमीच्या किंवा वारसाच्या स्वतःच्या नावे असावे.

गाडी धडक देऊन पळाली आणि नंबरच कळला नाही, तरी फिर्याद द्यावीच. अशा प्रकरणात १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी कोर्टात जावे लागत नाही. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे करायचा, सोबत फिर्यादीची नक्कल, दवाखान्याचे कागद आणि बँकेचे पासबुक. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी, आणि पोचेवर आवक क्रमांक व तारीख आहे ना, हे टेबल सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.